चार काठ्या आणि दोन हात

‘माणूस जन्मभर विद्यार्थीच असतो’, हे वाक्य मी शाळेच्या दारातील फळ्यावर सुविचार म्हणून किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. अक्षर वळणदार यावे याची मी काळजी घेत असे. अर्थाची काळजी मात्र कधी घेतली नव्हती. त्या वाक्याचा खरा अर्थ मला समजला तो नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या साठाव्या वर्षी. आणि तोही अशा एका वाद्यामुळे, की ज्याचे नाव आमच्या घरात कोणाला नीट उच्चारताही येत नसे. त्या वाद्याचे नाव व्हायब्राफोन.

माझे बालपण मुंबईत, गिरगावात गेले. आमच्या चाळीपासून थोड्याच अंतरावर खोताची वाडी आहे. अरुंद गल्ल्या, उतरत्या छपरांची लाकडी घरे, पुढे व्हरांडे आणि बाहेरून वर चढणारे जिने, असे तिचे रूप. मराठी कुटुंबांच्या शेजारी तेथे अनेक ख्रिस्ती कुटुंबे राहत. त्यांपैकी एका घरात एक गोमंतकीय वादक होते. आम्ही मुले त्यांना अंकल म्हणत असू.

१९७० साली मी बारा वर्षांचा होतो. शाळेतून परतताना अंकलच्या खिडकीतून एक नाद ऐकू येई. तो घंटेसारखा होता, पण घंटेइतका कठोर नव्हता. जलतरंगासारखा होता, पण त्याहून कितीतरी वेळ हवेत रेंगाळणारा होता. शिवाय तो स्थिर नसे. वाऱ्याची झुळूक आली म्हणजे समईची ज्योत जशी लहानमोठी होते, तसा तो हेलकावत असे. दप्तर खांद्यावर घेऊन मी खिडकीखाली उभा राही. अंकलची नजर माझ्याकडे वळली, की मात्र मी धूम ठोकी. ‘हे काय आहे?’ असे विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही. ते धैर्य गोळा करण्यास मला अठ्ठेचाळीस वर्षे लागली!

मधल्या काळात मी एम. ए. झालो, शिक्षक झालो, पुढे मुख्याध्यापक झालो. चौतीस वर्षे मुलांना मराठी शिकवली आणि २०१६ साली निवृत्त झालो. २०१८ साली एका सायंकाळी सहज खोताच्या वाडीत गेलो, तो अंकल व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसलेले. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, केस पांढरेशुभ्र, हातांना कंप सुटलेला. त्यांनी मला ओळखले.

“तू तो खिडकीखालचा पोरगा ना? काय करतोस आता?”

“निवृत्त झालो, अंकल. शाळेत मास्तर होतो.”

“मग आत ये, मास्तर. पळून जायचं तुझं वय राहिलं नाही.”

आत भिंतीलगत एक लांबट वस्तू चादरीखाली झाकलेली होती. अंकलनी चादर दूर केली आणि लहानपणी जे केवळ कानांनी पाहिले होते, ते मी डोळ्यांनी पाहिले.

मुलांनो, तुम्हांला पेटी, म्हणजे हार्मोनियम, ठाऊक आहे. तिच्या पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पट्ट्या मांडल्या आहेत, अशी कल्पना करा. पुढच्या ओळीत पांढऱ्यांच्या पट्ट्या, मागच्या ओळीत काळ्यांच्या. एकूण पट्ट्या ३७, म्हणजे तीन सप्तके. या पट्ट्या कोठेही ठोकलेल्या नसतात. त्यांच्या आरपार गेलेल्या दोरीवर त्या तोललेल्या असतात. दोरी जाते ती दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्के अंतरावर. पट्टीवर आघात झाला म्हणजे तिचा मध्य आणि तिची टोके कंप पावतात, पण एवढ्या दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. म्हणून तेथे धरल्याने नाद मरत नाही. धातूची पोकळ नळी टोकांपासून एवढ्या अंतरावर दोऱ्याने टांगून तुम्ही तिच्यावर चमचा वाजवून पाहा. ती गाऊ लागेल. मग तिला मध्यभागी मुठीत धरून वाजवा. नुसते ‘टक्’ होईल.

प्रत्येक पट्टीखाली एक नळी असते. तिचे तळाचे तोंड बंद असते. आतील हवा पट्टीच्या स्वराशी जुळलेली असल्यामुळे आवाज भरदार होतो. खालच्या स्वराची नळी लांब, वरच्या स्वराची आखूड. नळीच्या वरच्या तोंडाशी एक लहानशी चकती असते, आणि एका ओळीच्या सगळ्या चकत्या एकाच दांड्यावर बसवलेल्या असतात. विजेची मोटार हा दांडा फिरवते. चकत्या फिरल्या, की नळ्यांची तोंडे क्षणात उघडतात, क्षणात मिटतात, आणि स्वर मोठा-लहान, मोठा-लहान होत राहतो. लहानपणी मला भुलवणारा तो हेलकावा म्हणजे या चकत्यांचे काम! खाली पायाशी एक पेडल असते. ते दाबले नाही, तर नमद्याची एक पट्टी सगळ्या पट्ट्यांना खालून चिकटून राहते आणि नाद लगेच थांबतो. पेडल दाबले, की नाद मोकळा होतो.

हे वाद्य अमेरिकेत जन्मले. १९२० नंतरच्या काही वर्षांत इंडियानापोलिस येथील लीडी कंपनीने फिरत्या चकत्यांचे वाद्य घडवले आणि १९२७ साली शिकागोच्या डीगन कंपनीने त्यात सुधारणा करून पायाच्या पेडलासह ते बाजारात आणले. आरंभी लोक ते गमतीखातर वाजवीत. १९३० साली लॉस एंजल्समध्ये लुई आर्मस्ट्राँग या थोर ट्रंपेटवादकाचे ध्वनिमुद्रण चालू होते. स्टुडिओच्या एका कोपऱ्यात हे वाद्य पडून होते. लायोनेल हॅम्प्टन नावाचा बावीस वर्षांचा ढोलवादक तेथे होता. “हे तुला वाजवता येईल का?” असे आर्मस्ट्राँगने विचारले आणि हॅम्प्टनने काठ्या हातात घेतल्या. ‘मेमरीज ऑफ यू’ या गीताच्या त्या ध्वनिमुद्रणाने व्हायब्राफोनला जॅझ संगीतात मानाचे स्थान मिळवून दिले. पुढे मिल्ट जॅक्सन या वादकाने चकत्यांची गती मंद केली आणि या धातूच्या वाद्यातून मानवी कंठासारखा आर्त स्वर काढला.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेले संगीत. गुलामगिरीच्या वेदनेतून वर आलेल्या समाजाने ते जगाला दिले. ते मुंबईतही फार लवकर पोचले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुले लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्यास शिकत. ती विद्या घेऊन कितीतरी गोमंतकीय वादक मुंबईत आले. रात्री हॉटेलात जॅझ वाजवावे आणि दिवसा हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जावे, असा अनेकांचा क्रम असे. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. आमचे अंकल याच परंपरेतले. फक्त त्यांचे नाव कोठे छापले गेले नाही.

“मला शिकवाल का?” मी त्या सायंकाळी विचारले.

अंकलनी माझ्या हातांकडे पाहिले. “खडू धरलेला हात आहे,” ते म्हणाले, “बघू.”

व्हायब्राफोन वाजवण्याच्या काठ्यांना मॅलेट म्हणतात. वेताच्या किंवा लाकडाच्या दांडीच्या टोकाला रबराचा गोळा आणि त्यावर सूत गुंडाळलेले. प्रथम दोन्ही हातांत एकेक काठी घेऊन उजवा, डावा, उजवा, डावा असे स्वर वाजवावयाचे. आघात मनगटातून आणि पट्टीच्या मध्यावर व्हावा लागतो. चुकून दोरीच्या जागेवर झाला, तर पट्टी मुकी राहते. हे जमते न जमते तोच अंकलनी माझ्या प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या दिल्या. एक काठी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, दुसरी तर्जनी आणि मधले बोट यांच्यामध्ये. दोघींनी तळहातात एकमेकींना छेदावयाचे आणि त्या छेदावर शेवटच्या दोन बोटांची पकड ठेवावयाची. अंगठा आणि तर्जनी यांनी हे अंतर चिमट्याप्रमाणे कमी-जास्त करावयाचे. चार काठ्यांची ही पद्धत गॅरी बर्टन या अमेरिकन वादकाने परिपूर्णतेस नेली. १९४३ साली जन्मलेला हा मुलगा इंडियाना राज्यातील लहान गावी वाढला. बरोबर वाजवणारे सोबती नव्हते, म्हणून सगळे स्वर एकट्यानेच वाजवण्याची सवय त्याने लावून घेतली. एकटेपणाचेही असे सोने करता येते!

मला मात्र चार काठ्यांनी रडकुंडीस आणले. उजव्या हातातील काठ्या जवळ आणाव्यात, तर डाव्या हातातील लांब जात. तर्जनी आणि मधले बोट यांच्या बेचक्यात फोड आला. एका काठीने स्वर लागावा, तर दुसरी शेजारच्या पट्टीवर आपटून ‘खण्ण’ करी. पहिले दोन महिने माझ्या वादनाला संगीत म्हणणे म्हणजे भांड्यांच्या मोरीला वाद्यवृंद म्हणण्यासारखे होते. मी सकाळी अंकलकडे जाऊन दीड तास सराव करी. लय मोजणारे मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोके देत असे. मला ते जमेना, तेव्हा अंकलनी ते ४० वर आणले. तेही जमेना, तेव्हा ते बंदच केले आणि म्हणाले, “आता तुझ्या श्वासावर वाजव.”

एक गोष्ट माझ्या ध्यानात येऊ लागली. अंकल कधीही ‘सोपे आहे’ असे म्हणत नसत. मी दहा वेळा चुकलो, तर अकराव्या वेळी ते तेवढ्याच शांतपणे म्हणत, “पुन्हा एकदा पाहू.”

आणि मला एक मुलगा आठवू लागला.

तो माझ्या सातवीच्या वर्गात होता. शेवटच्या बाकावर बसे. पेन, पट्टी, कंपास, जे हाती येईल ते उघडून त्याच्या आत काय आहे ते पाही. व्याकरण मात्र त्याला येत नसे. एकदा प्रयोग शिकवताना मी त्याला उभे केले. “‘रामाने रावण मारला’, प्रयोग कोणता?” तो गप्प. “अरे, इतके सोपे आहे!” तो गप्पच. “इतके सोपे आहे आणि तुला येत नाही?” वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत त्या मुलाने माझ्या तासाला एकही उत्तर दिले नाही. मीही त्याला विचारणे सोडून दिले. हा ‘ढ’ आहे, असा निर्णय मी मनाशी देऊन टाकला होता. काठ्या हातातून निसटत असताना, हाताला घाम सुटलेला असताना, त्या मुलाची खाली गेलेली मान मला वारंवार दिसू लागली.

वर्षभरात माझे हात थोडे मऊ झाले. मग पेडलाचा धडा सुरू झाला. पेडल दाबूनच ठेवले, तर सगळे स्वर एकमेकांत मिसळून कालवा होतो. दाबलेच नाही, तर प्रत्येक स्वर तुटक पडतो, तारेच्या मजकुरासारखा. मी मराठीचा मास्तर. मला हे चटकन उमगले. पेडल म्हणजे संगीतातील विरामचिन्ह! कोठे स्वल्पविराम, कोठे पूर्णविराम, हे पायाने ठरवावयाचे. त्याहून अवघड काम म्हणजे काही स्वर गुंजत ठेवून त्यांतील एकच थांबवणे. एक काठी नवा स्वर वाजवीत असताना दुसरी काठी जुन्या पट्टीवर अलगद टेकवावयाची. झोपलेल्या चार भावंडांतून एकालाच न बोलता उठवावे, तसे.

त्यानंतर आली हार्मनी. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो आणि गायक त्याच्याभोवती रागाची बांधणी करतो. जॅझमध्ये अनेक स्वर एकाच वेळी वाजवून त्यांचा एक संघ बनवतात. त्याला कॉर्ड म्हणतात. या कॉर्ड सतत बदलत असतात. जणू पायाखालची जमीनच हळूहळू सरकते आणि चालणाऱ्याने आपला तोल सांभाळून गावे लागते.

अंकलनी मला तीन कॉर्ड लिहून दिल्या. मी त्या आपल्या सरगमात उतरवल्या. पांढरी एक हा षड्ज धरा. पहिली कॉर्ड रे, म, ध, सा. दुसरी प, नी, रे, म. तिसरी सा, ग, प, नी. जॅझमधील असंख्य गीतांत ही तीन पावले एकामागून एक येतात.

“आता यांतले दोनच स्वर बघ,” अंकल म्हणाले. “प्रत्येक कॉर्डमधला दुसरा आणि चौथा.”

मी पाहिले. पहिल्या कॉर्डमध्ये ‘म’ आणि ‘सा’. दुसरीत ‘नी’ आणि ‘म’. तिसरीत ‘ग’ आणि ‘नी’. पहिलीतून दुसरीत जाताना ‘म’ जागचा हलत नाही. ‘सा’ मात्र अर्धा स्वर खाली उतरून ‘नी’ होतो. दुसरीतून तिसरीत जाताना ‘नी’ जागचा हलत नाही. आता ‘म’ अर्धा स्वर उतरून ‘ग’ होतो. पेटी असेल, तर तुम्हीही हे वाजवून पाहा. एक थांबतो, दुसरा सरकतो. मग दुसरा थांबतो, पहिला सरकतो. अवघड घाटात दोन सोबती एकमेकांना हात देत उतरतात, तसे हे दोन स्वर चालतात. हे कळले त्या सकाळी मी काठ्या खाली ठेवून काही वेळ नुसता बसून राहिलो.

आणखी एक गंमत मला दिसली. तोच ‘सा’ पहिल्या कॉर्डमध्ये असतो आणि तिसऱ्या कॉर्डमध्येही असतो. पण पहिलीत तो पुढे जाण्यास उत्सुक वाटतो आणि तिसरीत घरी पोचल्यासारखा. स्वर एकच, नाते निराळे. एकच माणूस घरी बाप असतो, शाळेत मास्तर असतो आणि आईपुढे लेकरू असतो, तसेच हे. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा माझ्या तासाला मुका होता. दुसऱ्या कोणत्या जागी तो कसा वाजत असेल, हा विचार मी कधी केला होता का?

ही तीन पावले एकाच षड्जावर येऊन भागत नाही. बारा स्वरांपैकी कोणताही षड्ज धरून ती वाजवता आली पाहिजेत. एका षड्जाला एक आठवडा, असे बारा आठवडे मी तेवढेच वाजवले. आमच्या घरची मंडळी विचारीत, “नवीन काही शिकवत नाहीत का हो?” मी म्हणे, “हेच अजून जुने झालेले नाही.”

आता एकच उणीव होती. वाद्याची मोटार बंद होती. त्यामुळे चकत्या फिरत नसत आणि लहानपणीचा तो हेलकावा नव्हता. अंकल म्हणत, “पुष्कळ मोठे वादक मोटारीशिवायच वाजवतात. काही बिघडत नाही.” पण असे म्हणताना त्यांची नजर त्या थांबलेल्या चकत्यांवर जाई. मी दोन-तीन दुकानांत चौकशी केली. एवढ्या जुन्या विदेशी यंत्राला हात लावण्यास कोणी तयार होईना. अखेर कोणीतरी ठाकुरद्वारजवळच्या एका विजेच्या कारागिराचे नाव सुचवले. २०१९ च्या पावसाळ्यात एका दुपारी तो आला. पस्तिशीचा तरुण, खांद्याला हत्यारांची पिशवी. मला पाहताच तो थबकला आणि वाकून नमस्कार करीत म्हणाला, “सर, तुम्ही?”

तोच तो. शेवटच्या बाकावरचा.

मी गडबडलो, काय बोलावे ते सुचेना. तो मात्र सरळ यंत्राजवळ बसला. काही हात न लावता त्याने ते पाच मिनिटे सर्व बाजूंनी नुसते पाहिले. मग मोटारीवरची बारीक पाटी पुसून वाचली. “सर, ही मोटार ११० व्होल्टची आहे, अमेरिकेतली. आपल्याकडची वीज २३० ची. हिला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. कोणीतरी थेट जोडलेली दिसते.” त्याने मोटार उघडली, जळलेली तार गुंडाळण्यासाठी नेली, चार दिवसांनी परत आणली. मोटारीपासून दांड्यांपर्यंत जाणारा रबरी पट्टा कडक होऊन तुटला होता. त्याने मापाचा नवा पट्टा आणला. पट्ट्यांखालची झिजलेली दोरी पाहिली आणि तीही बदलली.

“हा पट्टा पुन्हा निसटला, तर तुम्हांलाच बसवता आला पाहिजे,” तो म्हणाला. “या, दाखवतो.”

मी खाली बसलो. पट्टा एका कप्पीवरून घेऊन, पीळ न पडू देता, दोन्ही दांड्यांवर चढवावयाचा होता. मी चढवला, निसटला. पुन्हा चढवला, उलटा पडला. तिसऱ्यांदा माझे बोट चिमटले. माझ्या कपाळावर घाम आला. आता हा काय म्हणणार, ते मला ठाऊक होते. कारण त्याच्या जागी मी असतो, तर तेच म्हणालो असतो.

तो म्हणाला, “जरा अवघडच आहे, सर. मलाही पहिल्यांदा जमला नव्हता. पुन्हा एकदा पाहू.”

चौथ्या वेळी पट्टा बसला. मी त्याच्याकडे पाहिले आणि इतक्या वर्षांचे बोलून टाकले. “त्या दिवशी वर्गात मी तुला फार लागेल असे बोललो होतो.”

तो हसला. “सर, उत्तर मला थोडंथोडं येत होतं. पण तुम्ही म्हणालात, सोपं आहे. मग भीती वाटली. अवघड चुकलं तर कोणी काही म्हणत नाही. सोपं चुकलं तर सगळे हसतात.” मग पिशवी आवरता आवरता, डोळे मिचकावून त्याने विचारले, “‘सरांनी पट्टा बसवला.’ कर्मणी प्रयोग ना, सर?”

“अगदी बरोबर,” मी म्हणालो. माझा आवाज मला नीट साथ देत नव्हता.

त्याने कळ दाबली. चकत्या हळूहळू फिरू लागल्या. अंकल खुर्चीतून उठले, भिंतीचा आधार घेत आले आणि आपल्या कापऱ्या हाताने त्यांनी एकच पट्टी वाजवली. तो हेलकावणारा नाद कितीतरी वर्षांनी त्या घरात उमटला. अंकलनी डोळे मिटले. हाताचा कंप आणि नादाचा कंप त्या क्षणी एकच वाटत होते.

“वाजव, मास्तर,” ते म्हणाले.

मी मिल्ट जॅक्सनचे ‘बॅग्ज ग्रूव्ह’ वाजवले. त्याची रचना बारा मापांची आहे. ती बारा मापे आपल्या तालाच्या आवर्तनासारखी फिरत राहतात आणि वादक दर आवर्तनाला नवी कल्पना मांडतो. डाव्या हातातील बाहेरच्या काठीने मूळ स्वर, आतल्या दोन काठ्यांनी ते सोबती स्वर आणि उरलेल्या काठीने गाणे. तिसऱ्या आवर्तनात माझा हात चुकला. एक परका स्वर लागला. मी थांबणार तोच अंकल म्हणाले, “पळू नको. योग्य स्वर शेजारीच आहे.” मी अर्धा स्वर सरकलो आणि तो चुकलेला स्वर मुद्दाम योजल्यासारखा गाण्यात मिसळून गेला. दारात उभा असलेला माझा विद्यार्थी हलकेच टाळी देऊन ताल धरीत होता. आणि ताल मात्र त्याचा अचूक होता!

मुलांनो, मी काही मोठा वादक झालो नाही. आजही चार काठ्यांपैकी एखादी माझे ऐकत नाही. पण दर शनिवारी आमच्या भागातील काही मुलांना मी वाचन शिकवतो, तेव्हा फळ्यावर सुविचार लिहीत नाही. एखादा मुलगा अडखळला, की माझ्या ओठांवर दोन जुने शब्द येऊ पाहतात. मी त्यांना तेथेच थांबवतो, काठी अलगद टेकवून पट्टी शांत करावी तसे, आणि म्हणतो, “अवघड आहे खरे. पुन्हा एकदा पाहू.”